चौऱ्याऐंशी घरांचं ऑलिव्ह

चंद्रशेखर नेने यांची आयुष्यात एकच महत्त्वाकांक्षा उरली होती: आपल्या घराचा नंबर इमारतीच्या सूचनाफलकावर कधीही लागू नये.

ज्यांना ही महत्त्वाकांक्षा किरकोळ वाटते त्यांनी जपानात, तोक्योजवळच्या उरायासुतल्या त्या सात मजली इमारतीत एक वर्ष राहून दाखवावं. तळमजल्यावर काचेच्या पेटीत फलक होता. '३०२ ने दुधाचा खोका न धुता कचऱ्यात टाकला.' '५११ ची सायकल पांढऱ्या रेषेच्या बाहेर चार बोटं आली.' नाव कुणाचं नसे, फक्त नंबर. पण चौऱ्याऐंशी घरांत नंबर पुरतो. नेने मुंबईच्या एका व्यापारी कंपनीकडून २०१२ साली तीन वर्षांसाठी आले होते आणि मुदतवाढ मिळत मिळत सात वर्षं राहिले. या सात वर्षांत ४०७ हा आकडा त्या पेटीत एकदाही गेला नाही. त्यासाठी त्यांनी काय काय केलं म्हणून सांगावं! दह्याचे डबे ते धुवायचेच, वर पुसून कोरडेही करायचे. घरात दोन-दोन मोजे घालून चालायचे. कुकरची शिट्टी शेजारी ऐकू जाईल म्हणून शिट्टी होण्याच्या आत गॅस बंद करायचे, आणि त्यापायी त्या घरातलं वरण सात वर्षं अर्धकच्चं राहिलं. स्नेहलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, खिडक्या लावून फोडणी करायची आणि मग ठसका लागला तर तोही उशीत तोंड खुपसून खोकायचा.

"अहो, आपण इथे राहतोय की लपलोय?" त्या कधीतरी विचारायच्या.

"हळू बोल," नेने म्हणायचे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'तोबान', म्हणजे इमारतीतलं पाळीचं काम, फिरत फिरत ४०७ वर आलं. त्यांच्या वाट्याला अंगणातली हिरवळ आली. पहिल्या बैठकीला नेने सूट घालून दहा मिनिटं आधी हजर झाले. अध्यक्ष इगाराशी-सान हे सत्तरीचे गृहस्थ. आयुष्यभर रेल्वेचं वेळापत्रक आखून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून इमारतीचं आखत असलेले. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, नेन्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "४०७? क्षमा करा. आम्हाला वाटायचं ते घर रिकामं आहे."

नेने तरंगतच घरी आले. "ऐकलंस का? सात वर्षं! त्यांना वाटलं घर रिकामं आहे!"

"म्हणजे आपण त्यांच्या हिशेबी मेलेलो?"

"अगं, ही शाबासकी आहे शाबासकी. याच्या वरची पदवी जपानात नाही."

स्नेहलताबाईंनी अर्धकच्चं वरण वाढलं. 

हिरवळीचं काम म्हणजे मुख्यतः एका झाडाचं काम. अंगणाच्या मधोमध ऑलिव्हचं झाड होतं. २०११ च्या भूकंपात उरायासुची भरावाची जमीन पाण्यासारखी सैल झाली, अंगणातून करड्या वाळूचे उमाळे आले, गटारांची झाकणं कंबरेएवढी वर उचलली गेली. महिनाभर चौऱ्याऐंशी घरांनी फावड्याने वाळू उपसली. पुढच्या वसंतात त्या जागी झाड लावायचं ठरलं, आणि ऑलिव्ह लावा असं सुचवलं ४०६ मधल्या ओनुकी-सान यांनी.

ओनुकी-सान नेन्यांच्या शेजारीण. वय एक्याऐंशी, पाठीत वाकलेल्या, पण जिभेने ताठ. जन्म शोदोशिमा बेटावरचा. जपानात ऑलिव्ह म्हटलं की शोदोशिमा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथे परदेशातून रोपं आली, रुजली, आणि आता ते झाड परकं होतं हे सांगितलं तरी बेटावर कुणाला खरं वाटत नाही. तिथे ऑक्टोबरात हिरवी फळं उतरवून, त्यांचा कडूपणा काढून, मिठाच्या पाण्यात ठेवतात. त्याला म्हणायचं 'शिन्झुके', नवं लोणचं. आपल्याकडे कैरीची करकरीत फोड तोंडात गेल्याशिवाय उन्हाळा खरा वाटत नाही, तसं तिकडे शिन्झुके चाखल्याशिवाय शरद ऋतू आला असं धरत नाहीत. ओनुकी-सान यांची आई ते घरी करायची. लग्न होऊन तोक्योकडे आल्यापासून घरचं शिन्झुके त्यांच्या जिभेला लागलेलं नव्हतं.

त्यांनी तेव्हाच समितीला बजावलं होतं की दोन जातींची दोन झाडं लावा. ऑलिव्हला एकट्याने फळ धरत नाही. समितीने विचारविनिमय केला आणि ठराव केला, की झाड हे आशेचं प्रतीक आहे आणि प्रतीक एकच असावं. एक झाड लागलं. बुंध्याशी जाड लाकडी पाटी घट्ट बांधली: 'आशेचं झाड. नागरिकांचे अतूट बंध'. झाड वाढलं, दर मे महिन्यात पांढुरक्या फुलांनी भरलं, आणि सात वर्षांत त्याला एक फळ लागलं नाही. दर वर्षी ओनुकी-सान दुसऱ्या झाडाचा अर्ज करायच्या. दर वर्षी समिती तो 'पुढील विचारासाठी' ठेवायची. भिजत घोंगडं हा प्रकार आपणच शोधून काढला असा आपला उगाच गैरसमज आहे.

त्या मे महिन्यात ओनुकी-सान यांनी नव्या तोबानची, म्हणजे पाळी आलेल्या नेन्यांची, बेल वाजवली. त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत दुसऱ्या जातीचं ऑलिव्ह होतं, फुलावर आलेलं. त्याची एक फांदी पाण्याच्या बाटलीत घालून अंगणातल्या झाडाला बांधायची, की वाऱ्याने परागकण लागतील. फक्त शिडी धरायला माणूस हवा होता.

नेन्यांनी नियमावली उघडली. कलम चौदा: झाडाला कुत्रे, सायकली व दोऱ्या बांधू नयेत. बाटलीचा उल्लेख नव्हता. दोरीचा मात्र होता. पाऊण तास विचार करून नेन्यांनी बाटली स्नेहलताबाईंच्या जुन्या साडीच्या काठाने बांधली, कारण साडीचा काठ म्हणजे दोरी नव्हे. नाकासमोर चालणारा माणूस पहिल्यांदा वळला तो तिथे, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

जूनमध्ये फळं धरली. मिरीएवढी, मग वाटाण्याएवढी. लोक कामावर जाता जाता थांबून वर बघायला लागले. ऑगस्टपर्यंत समितीची उपसमिती झाली. झाडाला किडीचा धोका होता: सोंडकिडा, जो बुंध्यात शिरून आतून पोखरतो. म्हणून नेने दर रविवारी गुडघ्यावर बसून बुंध्याशी भुसा पडलाय का बघायचे. पाखरांचा धोका होता, म्हणून जाळी आली. पण पिकाला खरा धोका बैठकांचा होता. कापणीची तारीख सोमवार, १४ ऑक्टोबर, सकाळी दहा, अशी ठरली. शिडीवर एका वेळी एक माणूस, हेल्मेटसह. मुलांनी फळ हातात घेण्याआधी पालकांनी नाव नोंदवायचं. पाऊस आल्यास कार्यक्रम रद्द.

"रद्द म्हणजे पुढच्या दिवशी?" नेन्यांनी बिचकत विचारलं.

"रद्द म्हणजे रद्द," इगाराशी-सान म्हणाले.

सप्टेंबरमध्ये ओनुकी-सान यांनी शांतपणे सांगितलं की ३१ ऑक्टोबरला त्या ओसाकाला जाणार आहेत, मुलाच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. परत येणं नाही. "एकदा आपल्या झाडाचं शिन्झुके खाऊन जायचं आहे," त्या म्हणाल्या, आणि हे फारच मागितलं असं वाटून लगेच दोनदा वाकल्या. स्नेहलताबाईंना जपानी अर्धंमुर्धंच कळायचं; हे पूर्ण कळलं.

आणि मग हवामानखात्याने सांगितलं: शनिवारी, १२ तारखेला, मोठं वादळ. ऑलिव्हची मुळं वरवरची, आणि खाली ती भूकंपाची वाळू. झाड टिकलं तरी फळ टिकणार नव्हतं हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी नेने इगाराशी-सानकडे गेले. "कापणी उद्या केली तर?"

इगाराशी-सान यांनी डोळे मिटून विचार केला. "योग्य सूचना आहे. तारीख बदलण्यासाठी विशेष बैठक लागेल. विशेष बैठकीला सात दिवसांची पूर्वसूचना लागते."

"पण वादळ परवा आहे."

"हो. गैरसोय आहे खरी." आणि त्यांनी नेन्यांना अत्यंत आदराने दारापर्यंत पोचवलं.

ओनुकी-सान यांना कळवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "शोगानाई." इलाज नाही. मग दार लावून घेतलं. ते दार लावायची पद्धत नेन्यांना फार लागली. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला नेने आणि स्नेहलताबाई अंगणात उतरले. नेन्यांनी हेल्मेट घातलं होतं. चोरी करतानाही कलम पाळलं पाहिजे. स्नेहलताबाईंनी झाडाखाली सुती साडी पसरली आणि फांद्या हातांनी ओरबाडायला सुरुवात केली.

"हळू! आवाज!"

"अहो, फळाला काय तोंड आहे का ओरडायला?"

अर्ध्या तासात झाड रिकामं झालं. दोन किलो आठशे ग्रॅम भरली. मोठ्या पातेल्यावर ताट झाकून ते लिफ्टमधून वर आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या मनात तर सगळा सूचनाफलक लखलखत होता.

नेने ऑफिसला गेल्यावर स्नेहलताबाईंनी एक चूक केली, जी मराठी बाईच करू शकते. हिरवं, कडक, आंबट दिसणारं फळ पाहून त्यांचा हात मोहरीच्या डाळीकडे गेला. वाटीभर फळं चिरून, हिंग-हळद-तिखट घालून त्यांनी झकास लोणचं कालवलं आणि बोट चाटलं. मग वीस मिनिटं गूळ चघळत बसल्या. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, अशी आपली म्हण आहे. त्या म्हणीला ऑलिव्ह ठाऊक नव्हतं, नाहीतर कारल्याला कुणी नावं ठेवली नसती. आपण नको ते चोरून आणलं या धसक्याने त्या वाटी घेऊन थेट ४०६ च्या दारात गेल्या. बेल वाजवली आणि वाटी पुढे केली.

ओनुकी-सान यांनी वाटीत पाहिलं. हळद-तिखटात माखलेल्या त्या हिरव्या फोडी त्यांनी ओळखल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हसल्या. इतक्या, की भिंतीला धरावं लागलं. मग डोळे पुसले, फळीवरून चष्मा घेतला आणि कागदावर लिहून दिलं: कॉस्टिक सोडा.

तो औषधांच्या दुकानातच मिळतो आणि विकत घेताना अर्ज भरावा लागतो. संध्याकाळी नेन्यांनी तो भरला. नाव, पत्ता, शिक्का. कारण? नेन्यांचा पेन थबकला. 'साफसफाई' लिहून सुटता आलं असतं. पण छापील फॉर्मवर खोटं लिहिणं हे त्यांच्याच्याने जन्मात झालेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'इमारतीच्या ऑलिव्हचा कडूपणा काढणे, अंदाजे अडीच किलो.' खाली शिक्का उमटवला. जगातला हा बहुधा एकमेव चोर, ज्याने चोरलेल्या मालाचं वजन शिक्क्यानिशी नोंदवलं.

शनिवारी वादळ आलं. रात्रभर इमारत कण्हत होती. रविवारी सकाळी झाड आडवं पडलेलं होतं, मुळांसकट. बुंध्याशी बांधलेली आशेची पाटी सुटून लांब पडली होती आणि तिच्यामागे, जिथे रविवारच्या रविवार गुडघ्यावर बसूनही दिसत नव्हतं, तिथे बोट जाईल एवढी भोकं आणि ओंजळभर भुसा. सोंडकिडा पाटीच्या आडोशाने सुखात राहिला होता. अतूट बंधांच्या खाली, अगदी निर्धास्त.

लोक जमले.  वाळू उपसलेली माणसं होती ती. दोन-तीन बायका रडल्या. समितीने झाडाभोवती नारिंगी शंकू ठेवले आणि 'धोका, हात लावू नये' अशी फीत बांधली. बैल गेला आणि झोपा केला. झाड उभं करता येईल का, यासाठी तीन ठेकेदारांकडून अंदाज मागवायचे ठरलं, आणि ते येईपर्यंत त्याची पानं वाळून झडली.

"नेने-सान," इगाराशी-सान म्हणाले, "उद्याचा कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना लिहा. फळं वाऱ्याने गेली, एवढं पुरे."

एवढं पुरे होतं. नेने ते वाक्य लिहायला बसले आणि दोन तास बसूनच राहिले. कुणाला काही कळणार नव्हतं. फळं ४०७ च्या फ्रिजमध्ये होती, आणि ४०७ तर रिकामं घर! पण अंगणात ती माणसं अजून पडलेल्या फांद्यांत एखादं फळ सापडतं का ते शोधत होती.

शेवटी त्यांनी लिहिलं: 'फळं वाऱ्याने गेलेली नाहीत. हिरवळीच्या तोबानने ती शुक्रवारी, नियम मोडून, उतरवली. सध्या ती ४०७ च्या फ्रिजमध्ये आहेत. अपराधी: नेने, ४०७. फार मोठी क्षमा मागतो.' जपानी तपासायला ओसाकात शिकणाऱ्या मुलीला, मितालीला, फोटो पाठवला.

"बाबा, सीरियसली? भाषा चुकली नाहीये," तिने फोन करून सांगितलं. "पण इतकं पोलाइट लिहिलंय की चोर कमी आणि अ‍ॅम्बॅसडर जास्त वाटताय."

नेन्यांनी स्वतःच्या हाताने पेटी उघडली, स्वतःचा नंबर लावला आणि घरी येऊन झोपले. गंमत म्हणजे गाढ झोप लागली.

आता समितीपुढे पेच पडला. चोर सापडला होता, पण त्याला काय करायचं हे बैठकीत ठरणार, आणि बैठक २७ तारखेला. तोपर्यंत फळं वादग्रस्त माल म्हणून जागच्या जागी राहणार. पण ओनुकी-सान यांनी कडक शब्दांत कळवलं की सोड्यातून काढलेल्या फळांचं पाणी रोज बदललं नाही तर माल कुजेल. मग तोडगा निघाला: रोज संध्याकाळी साडेसातला पाणी बदलायचं, ओनुकी-सान सांगतील तसं, आणि अध्यक्षांनी साक्षीदार म्हणून उपस्थित राहून तक्त्यावर सही करायची.

अशा रीतीने सात वर्षांत पहिल्यांदा ४०७ मध्ये पाहुणे आले. पहिल्या दिवशी इगाराशी-सान फ्रिजजवळ उभे राहून सही करून गेले. दुसऱ्या दिवशी स्नेहलताबाईंनी चहा ठेवला, तेव्हा नाही म्हणणं नियमात बसेना. तिसऱ्या दिवशी पोहे. पाणी रोज कमी तपकिरी येत होतं आणि इगाराशी-सान तक्त्यावर 'रंग: कालच्या चहापेक्षा फिका' असं गंभीरपणे नोंदवत होते. पाचव्या दिवशी कळलं की त्यांची बायको भूकंपाच्या वर्षीच गेली आणि तेव्हापासून ते रात्रीचं जेवण कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, डब्यातलं आणतात. त्या दिवशी स्नेहलताबाईंनी कुकर लावला आणि चांगल्या चार शिट्ट्या होऊ दिल्या. नेने प्रत्येक शिट्टीला दचकले. वरण मात्र असं झालं होतं की तेही दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले.

मग पाण्यात मीठ पडलं, हळूहळू वाढवलं गेलं. ओनुकी-सान यांनी एक फळ चाखून पाहायला कुणाचीच हरकत नव्हती. माल त्यांच्याच झाडाचा. पण त्या चाखेनात. "ठराव झालेला नाही," त्या म्हणायच्या, आणि इगाराशी-सान मान हलवायचे.

२७ तारखेला ठराव झाला. नेने यांना लेखी समज. फळं चौऱ्याऐंशी घरांना सारखी वाटावीत, दर घरी बारा. उरलेली तोबानने योग्य रीतीने संपवावीत. नवं झाड लावावं. दोन लावावीत ही ओनुकी-सान यांची सूचना पुढील विचारासाठी ठेवण्यात आली.

त्याच संध्याकाळी नेन्यांनी पहिली पिशवी ४०६ मध्ये नेली. घरात खोकी बांधलेली होती, बसायला खुर्चीसुद्धा उरली नव्हती. ओनुकी-सान यांनी दारातच उभ्या राहून एक ऑलिव्ह तोंडात टाकलं. डोळे मिटले.

"आईचं जास्त खारट असायचं," त्या म्हणाल्या.

मग दुसरं खाल्लं. तिसरं. बी हळूच तळहातावर काढायच्या आणि पुढचं घ्यायच्या. बाराच्या बारा त्यांनी तिथेच संपवली. ओसाकाला न्यायला एकही ठेवलं नाही. नेन्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ओनुकी-सान यांनी बारा बिया कागदात बांधल्या आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. ती कुंडी तुमची, असं म्हणाल्या.

३१ तारखेला त्या गेल्या. ४०६ खरोखरच रिकामं झालं, आणि रिकामं घर कसं असतं ते नेन्यांना भिंतीला कान न लावताही कळायला लागलं.

एक नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. फ्रिजमध्ये ऑलिव्ह नव्हतं, बदलायला पाणी नव्हतं. दारात इगाराशी-सान, हातात तक्त्याऐवजी पाकीट.

"३०७ कडून लेखी तक्रार आली आहे," ते उभ्यानेच वाचू लागले. "४०७ मधून गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी खुर्च्या ओढल्याचा, शिट्ट्यांचा व हसण्याचा आवाज येतो."

ज्या कागदाला नेने सात वर्षं भ्यायले तो हाच. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला.

"यापुढे काळजी घ्यावी," इगाराशी-सान म्हणाले. मग त्यांनी बूट काढले, आत आले, नेहमीच्या खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि ती कर्रकन ओढून बसले.